सबमिशनच्या आधीचा वाचक : लेखनमित्रांविषयी तुमचे प्रश्न

मागच्या अंकात 'लेखनमित्र' या पद्धतीची थोडक्यात ओळख करून दिली होती. एखाद्या विषयाच्या वर्गाला वरच्या वर्षातले काही विद्यार्थी जोडून द्यायचे. त्यांनी खालच्या वर्षातल्या मुलांचे निबंध, प्रकल्प, अहवाल कच्चे असतानाच वाचायचे, त्यावर लेखी शेरे द्यायचे आणि मग समोरासमोर बसून बोलायचं. मुलांनी आपापलं लेखन स्वतः सुधारून अंतिम प्रत शिक्षकांकडे द्यायची. गुण द्यायचं काम शिक्षकांचंच राहतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९८२ मध्ये टोरी हॅरिंग-स्मिथ यांनी या पद्धतीला नीट आकार दिला आणि पुढे तिथल्या अनेक महाविद्यालयांनी ती उचलली. त्या टिपणावर प्राध्यापक, प्राचार्य आणि विद्यार्थी अशा सगळ्यांचीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

एस.वाय.बी.ए.च्या माझ्या वर्गात पटावर १२० मुलं आहेत. अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रत्येकाकडून एक प्रकल्प घेतो. लेखनमित्र किती लागतील? आणि हे सगळं सत्रात बसवायचं कसं?
(समाजशास्त्राचे प्राध्यापक, सातारा जिल्हा)

आधी तासांचा हिशोब करा, मग डोकी मोजा. चार-पाच पानांचा मसुदा दोनदा वाचून त्यावर धड शेरे लिहायला नवख्या मुलाला अर्धा-पाऊण तास लागतो. भेट वीस ते तीस मिनिटांची. म्हणजे एका मसुद्यामागे एक तास धरून चला. स्वतःची लेक्चरं, प्रॅक्टिकल सांभाळून आठवड्याला बारा तासांपेक्षा जास्त वाचन कुणी करायला गेलं, तर शेवटच्या मसुद्यांवर 'ठीक', 'छान', 'विस्तार करा' एवढेच शेरे पडतात. म्हणून एका लेखनमित्राकडे बारा मुलं, फार तर पंधरा. तुमच्या वर्गाला दहा जण लागतील.

दहा मिळाले नाहीत तर प्रत्येकाच्या गळ्यात पंचवीस-तीस मुलं बांधू नका. एकच तुकडी घ्या, किंवा मसुदा लहान करा. पूर्ण प्रकल्पाऐवजी दीड पान मागवा: आपण काय शोधतोय, माहिती कशी गोळा केली आणि हाती आलेली एक गोष्ट. प्रकल्प कुठे घसरणार हे त्या दीड पानावरूनही बरंचसं कळतं.

वेळापत्रकासाठी सहा आठवडे लागतात. विषय ठरल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मसुदा जमा. लेखनमित्रांनी सात दिवसांत वाचून शेऱ्यांसह परत द्यायचा. पुढच्या चार-पाच दिवसांत भेटी उरकायच्या. भेटीनंतर सुधारणेला किमान आठ दिवस मोकळे हवेत. अंतिम प्रतीच्या मागे मूळ मसुदा आणि शेऱ्यांचा कागद टाचून घ्या, म्हणजे काय बदललं ते तुम्हाला दोन मिनिटांत दिसतं. तारखा टाकण्याआधी दिवाळीची सुट्टी, युवा महोत्सव आणि एनएसएसचं शिबिर कॅलेंडरवर बघून घ्या. अर्ध्या योजना या तिघांपैकी एकावर आपटतात.

हमखास बिघडते ती मसुद्याची तारीख. मसुदा ऐच्छिक ठेवला की तो येत नाही, किंवा अंतिम तारखेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तोही अंधुक फोटोत. उपाय साधा आहे. २० गुणांपैकी २ गुण वेळेवर मसुदा दिल्याचे ठेवा. मसुदा कसाही असो, गुण मिळतात. उशीर झाला की जातात. आणि ही घोषणा लेखनमित्रांकडून करवू नका. पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः त्यांना वर्गात उभं करा आणि तारखा फळ्यावर लिहा. सरांनी सांगितलेली तारीख आणि सीनियरने सांगितलेली तारीख यांचं वजन सारखं नसतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: टायपिंग सेंटर. मुलं प्रकल्प हाताने लिहून बाजारातल्या सेंटरवर टाइप करायला देतात. तिथे पानाला पैसे मोजलेले असतात, फाइल जुन्या फॉन्टमध्ये असते, घरी किंवा मोबाइलवर उघडली तर नुसती चिन्हं दिसतात. अशा मुलाला दुसरा परिच्छेद बदल म्हटलं तर तो का बदलेल? तेव्हा मसुदा टाइप केलेला घ्यायचाच नाही, असा नियम करा. कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून, उजवीकडे तीन बोटं समास ठेवून आणि परिच्छेदांना आकडे घालून हातानेच लिहिलेला घ्या. मोबाइलवर लिहिणारे असतील तर युनिकोडमध्ये, गूगल डॉक्सवर. टायपिंग भेटीनंतर.

कच्च्या मुलांपुरतंच हे ठेवलं तर चालेल का? आणि लेखनमित्र म्हणून वर्गातले पहिले दहा घ्यावेत ना?
(इतिहास विभाग, लातूर)

दोन्हीला उत्तर 'नको'. कच्च्यांची यादी काढली की त्या यादीत नाव असलेली मुलं भेटीला येत नाहीत. मैत्रिणीसमोर कुणाला 'ढ' म्हणवून घ्यायचं असतं? लेखनमित्र वर्गाला जोडायचे आणि वर्गातल्या प्रत्येकाचा मसुदा वाचायचा, यामागचं कारण तेच आहे. शिवाय हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या मसुद्यांतही दोष असतात. फक्त ते सफाईदार वाक्यांखाली झाकलेले असतात.

निवडीसाठी गुणपत्रिका बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. अर्जासोबत स्वतःच्या लेखनाची दोन पानं मागवा. मग दहा मिनिटांची एक चाचणी घ्या: एका अनामिक मसुद्याचं एक पान हातात द्या आणि 'हे लिहिणारा समोर बसलाय असं समजून बोल' म्हणा. जो लगेच 'हे असं नको, असं लिही' म्हणून सुरू होतो त्याला थांबायला सांगा. जी 'इथे नेमकं काय म्हणायचं होतं?' असं विचारते, तिला घ्या. पहिल्या सत्रात विषय राहिलेला आणि नंतर कष्टाने वर आलेला विद्यार्थी या कामात अनेकदा उजवा ठरतो, कारण कुठे अडायला होतं हे त्याला आठवत असतं.

दुसऱ्या विभागातला लेखनमित्र चालतो का, असंही तुम्ही विचारलं आहे. निबंधाला आणि क्षेत्रपाहणीच्या अहवालाला उत्तम चालतो. त्याला विषय ठाऊक नसल्याने तो प्रामाणिकपणे 'हे मला कळलं नाही' म्हणू शकतो. प्रयोगाच्या अहवालाला मात्र त्याच विषयाचा हवा.

मी टी.वाय.ला आहे. आमच्या मॅडमनी मला लेखनमित्र केलंय. कुणाचाही मसुदा समोर आला की मी सगळं दुरुस्तच करत बसते. लाल पेनाने पान भरून जातं. मुली 'थँक्यू ताई' म्हणतात आणि माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवून देतात. हे चुकतंय का?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

हो, चुकतंय, आणि जवळजवळ प्रत्येक लेखनमित्राच्या हातून सुरुवातीला हेच होतं, त्यामुळे घाबरू नकोस. लाल पेन आधी बाजूला ठेव. पहिलं वाचन पेनाशिवाय करायचं. वाचून झालं की मसुदा पालथा घालून एका ओळीत लिही: 'हिला म्हणायचंय की...'. ती ओळ तुला लिहिता आली नाही, तर तोच तुझा पहिला शेरा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घे आणि या क्रमाने बघ: शिक्षकांनी विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलंय का, मुख्य मुद्दा कुठे आहे, त्याला आधार काय आहे, परिच्छेदांचा क्रम लागतोय का. वाक्यरचना आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्यातल्या वेलांट्या आज सुधारून काय फायदा?

नमुन्यादाखल बचत गटांवरच्या प्रकल्पातला असा परिच्छेद समोर आला असं समज:

'आजच्या धकाधकीच्या जीवनात महिला सबलीकरण ही काळाची गरज आहे. प्राचीन काळापासून स्त्रियांवर अन्याय होत आला आहे. बचत गटांमुळे महिलांचा सर्वांगीण विकास होतो. आम्ही २५ महिलांची माहिती घेतली, त्यापैकी १८ महिलांनी कर्ज घेतले होते. अशा प्रकारे बचत गट महिलांसाठी वरदान ठरले आहेत.'

यावर 'भाषा सुधार', 'अजून मुद्दे हवेत' असं लिहिलंस तर ती आणखी दोन 'काळाची गरज' आणून जोडेल. त्याऐवजी समासात लिही: 'चौथं वाक्य फक्त तुझं आहे, बाकीची चार कुठल्याही प्रकल्पात खपतील. या १८ जणींनी पैसे कशासाठी घेतले? उरलेल्या ७ जणींनी का घेतले नाहीत?' भेटीत ती वही उघडते. ११ जणींनी दवाखाना आणि मुलांच्या फीसाठी कर्ज घेतलंय, ४ जणींनी शेळ्यांसाठी, ३ जणींनी शिलाई मशीनसाठी. आता 'वरदान' हा शब्द तिचा तिलाच खटकायला लागतो, कारण निम्म्याहून जास्त कर्ज धंद्याला लागलेलं नाही, घरखर्चात गेलंय. हा तिच्या प्रकल्पातला खरा शोध, आणि तो वहीत नुसता पडून होता. परिच्छेद तिने पुन्हा लिहायचा. तुझं एकही वाक्य त्यात जायला नको.

शेऱ्यांची संख्याही आवरायला हवी. एका परिच्छेदाला समासात एक शेरा, आणि शेवटी आठ-दहा ओळींचं पत्र. त्या पत्रात एक गोष्ट नेमकी जमलेली सांग ('तक्ता क्रमांक २ स्पष्ट आहे, वाचताना अडलं नाही', अशी, नुसतं 'छान' नको) आणि सुधारायच्या तीनच गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने. चौथी सुचली तरी गिळून टाक. सात-आठ सूचना मिळाल्या की माणूस सोप्यात सोप्या दोन करतो, आणि त्या बहुधा विरामचिन्हांच्या असतात.

भेटीत मसुदा तिच्यासमोर, पेन तिच्या हातात, आणि तू टेबलापलीकडे न बसता शेजारी. सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत तीन प्रश्न विचार: सरांनी काय मागितलंय, शेवटची तारीख कोणती, तुला स्वतःला कुठे अडल्यासारखं वाटतंय. मग तिला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लाव. जिथे ती अडखळते किंवा कागदावर नसलेला शब्द घालून वाचते, तिथे वाक्य बिघडलेलं असतं. तू गप्प राहायला शिकणं हे यातलं सर्वांत अवघड काम. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहापर्यंत मोज. बहुतेक मुली सातव्या-आठव्या आकड्याला बोलायला लागतात. शेवटची पाच मिनिटं तिने काय करायचं ठरवलंय ते तिच्याच हाताने लिहून घ्यायला ठेव.

ती म्हणाली, 'ताई, तूच सांग ना काय लिहू', तर? दोन पर्याय तोंडी दे आणि दोन्हीतला फरक विचार. एकच दिलास तर तो उतरवला जाईल, हे तू पाहिलंच आहेस.

मुलंच मुलांना शिकवायला लागली तर आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखं होणार नाही का?
(निवृत्त प्राध्यापक, नाशिक)

ही शंका जुनी आहे आणि रास्तही आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पदवीधराला प्रवेश खुला केला, तेव्हा लेखनाची सवय नसलेली मुलं मोठ्या संख्येने आली. शिक्षकांकडून मिळणारी जादा मदत बरीच मुलं घेईनात. वर्गात जे नको वाटत होतं तेच पुन्हा, तशाच रीतीने मिळत होतं. तेव्हा ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच मदतीला बसवलं. लेखनमित्राला विषय शिकवायचा नसतो, वाचक म्हणून कुठे कळलं आणि कुठे कळलं नाही एवढं सांगायचं असतं. तेवढी दृष्टी त्याला असते. विषयाची चूक दिसली तरी 'हे सरांना विचारून घे' एवढंच म्हणायचं, हा नियम प्रशिक्षणातच पक्का करून घ्यावा लागतो. तो मोडला जातो तिथे तुमची भीती खरी ठरते.

प्रशिक्षण म्हणजे भाषणं नव्हेत. सत्र सुरू होण्याआधी दोन दिवस, रोज चार तास पुरतात. मागच्या वर्षीचे तीन मसुदे, नावं काढून, सगळ्या लेखनमित्रांना द्यायचे. प्रत्येकाने एकट्याने शेरे लिहायचे, मग ते शेजारीशेजारी ठेवून वाचायचे. एकाच मसुद्यावर दहा जणांनी दहा वेगळ्या गोष्टी पहिल्या क्रमांकावर टाकलेल्या दिसतात, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. दुसऱ्या दिवशी जोड्या करून लटक्या भेटी घ्यायच्या. त्यातल्या एकाने मुद्दाम हूं का चूं न करणारा विद्यार्थी व्हायचं. पुढे सत्रभर आठवड्याला एक तास शिक्षकांबरोबर बैठक.

आमच्याकडची बरीच मुलं घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात. लेखनात ती भाषा येते. लेखनमित्राने ती चूक म्हणून खोडायची का? आणि शुद्धलेखनाचं काय करायचं?
(मराठीच्या प्राध्यापिका, धुळे जिल्हा)

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, वेगळेच ठेवा. मुलाखतीतलं बोलणं ज्या बोलीत आलं त्या बोलीतच ठेवायचं. आजीबाईंचं अहिराणी वाक्य 'शुद्ध' करून टाकलं तर तो पुराव्यात फेरफार झाला. अवतरणचिन्हांत मूळ वाक्य ठेवा आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. विश्लेषणाचा भाग शिक्षकांनी प्रमाण भाषेत मागितला असेल तर लेखनमित्राने तेवढंच सांगावं: 'हा भाग प्रमाण मराठीत मागितलाय.' 'गावठी' हा शब्द भेटीत ऐकू आला, तर त्या लेखनमित्राला त्याच आठवड्याच्या बैठकीत समज द्यावी.

शुद्धलेखनात चुका मोजत बसू नये, चुकांचा नमुना शोधावा. एखाद्या मसुद्यात 'विहीरीत', 'गरीबांना', 'फूलाला' असं सगळीकडे असेल, तर त्या तीन चुका नसून एकच आहे: शब्दाला प्रत्यय लागताना शेवटून दुसरं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, हे त्या मुलाला माहीत नाही. लेखनमित्राने 'विहीर, विहिरीत' एवढं एक दाखवावं आणि बाकीची त्याला स्वतः शोधायला लावावीत. 'शरीर, शरीरात' किंवा 'परीक्षा, परीक्षेत' अशा तत्सम शब्दांना हा नियम लागत नाही, तेही तेव्हाच सांगून टाकावं. नाहीतर पुढच्या मसुद्यात 'परिक्षेत' हजर. दुसरा नेहमीचा नमुना अनुस्वाराचा: 'महिलानी', 'शेतकऱ्याना'. हा डोळ्याला पटकन दिसत नाही, मोठ्याने वाचलं की कानाला कळतो. एका भेटीत एकच नमुना. दोन घेतले की दोन्ही विसरले जातात.

माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झालं. आता बी.एस्सी.चे अहवाल इंग्रजीतून लिहावे लागतात. लेखनमित्राशी मराठीत बोललं तर चालेल का, की तेही इंग्रजीतच?
(एक विद्यार्थी, यवतमाळ)

मराठीत बोल, बिनधास्त. विचार एका भाषेत आणि लेखन दुसऱ्या भाषेत, ही अडचण भेट इंग्रजीत ठेवून सुटत नाही, उलट तोंडच बंद होतं. भेटीची सुरुवात अशी करा: अहवाल मिटवून ठेवायचा आणि तीन वाक्यांत मराठीत सांगायचं, काय शोधत होतो, काय केलं, काय मिळालं. लेखनमित्र ही वाक्यं ऐकून कागदावर फक्त खुणेचे शब्द लिहील. मग त्या खुणांवरून तू इंग्रजी वाक्यं कर. ती छोटी असू देत.

इंग्रजी अहवालांत एक वाक्य फार फिरतं: 'द रिझल्ट वॉज फाउंड टु बी सॅटिस्फॅक्टरी.' व्याकरण निर्दोष, अर्थ शून्य. टायट्रेशन केलं असेल तर तीन वाचनं किती आली? १०.२, १०.२ आणि १०.३ मिलिलिटर आली असतील तर ती जुळतात, हे आकड्यांनिशी लिही. ११.४ सारखं एखादं भरकटलं असेल, तर तेही लिही आणि का भरकटलं असावं तेही: ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा राहिला का, रंग बदलल्यावरही थेंब पडत राहिले का. व्हायवाला नेमकं हेच विचारतात. 'अ', 'अ‍ॅन', 'द' कुठे घालायचे, हे शेवटच्या वाचनात बघता येईल. गुण सहसा त्यापायी जात नाहीत.

मसुदा चॅटजीपीटीने लिहिलेला वाटतो. सरांना सांगू का? मी सांगितलं तर माझ्याकडे कुणी येणार नाही.
(एक लेखनमित्र, पुणे)

तुझी दुसरी ओळ बरोबर आहे. पकडापकडी हे तुझं काम नाही, आणि पकडण्याचं खात्रीचं साधनही कुणाकडे नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणारं स्वतःचंच साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. कारण दिलं होतं कमी अचूकतेचं. तेव्हा कुठल्यातरी संकेतस्थळाने दाखवलेल्या टक्केवारीवरून कुणावर आळ घेऊ नकोस.

तू लेखनाबद्दल विचार. 'हा आकडा कुठे मिळाला?', 'हा संदर्भ आपण दोघं मिळून उघडून बघू या', 'या परिच्छेदातलं कोणतं वाक्य तुझ्या पाहणीवर आधारलेलं आहे?' यंत्राने रचलेले संदर्भ इथे उघडे पडतात: लेखक खरा, पुस्तक अस्तित्वातच नाही. पुस्तक ग्रंथालयात सापडलं नाही की मुलगा स्वतःच कबूल होतो, किंवा गुपचूप तो परिच्छेद काढतो. दोन्ही चालेल. गूगल डॉक्सवर लिहिलं असेल तर जुन्या आवृत्त्या त्यालाच उघडून दाखवू दे, पण मागणी करून नाही. एवढं करूनही तो मजकूर तसाच देणार असेल, तर 'हे मी वाचून शेरे देऊ शकत नाही, कारण कशावर बोलायचं तेच कळत नाही' असं सांगून मसुदा परत कर. यंत्र कितपत चालेल, हे प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर शिक्षकांनीच लिहून द्यायला हवं. ते लिहिलेलं नसेल तर आठवड्याच्या बैठकीत, कुणाचं नाव न घेता, तो प्रश्न काढ.

पत्रात तू '१० टक्क्यांच्या नियमा'चाही उल्लेख केलास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरं. पण ते विनियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरचे प्रबंध, शोधनिबंध यांच्यासाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प-अहवाल त्यांनी वगळले आहेत. त्यामुळे बी.ए.च्या प्रकल्पाला '१० टक्के उतरवलं तर चालतं' हा समज बिनबुडाचा आहे. इथे तुमच्या महाविद्यालयाचा नियम लागू.

मानधन द्यावं का? निधी कुठून आणायचा?
(प्राचार्य, अहिल्यानगर जिल्हा)

द्यावं. नुसत्या प्रमाणपत्रावर पहिलं सत्र निघतं, दुसऱ्या सत्रात चांगली मुलं गळतात, कारण त्यांना क्लास किंवा पार्टटाइम नोकरी परवडते. तुमच्याकडे 'कमवा आणि शिका' योजना असेल तर ग्रंथालयातल्या आणि कार्यालयातल्या कामांच्या यादीत हे काम घालता येतं का, ते विद्यार्थी विकास विभागाकडून विचारून घ्या. तास मोजताना वाचनाचेही तास धरा. फक्त भेटींचे मोजले तर निम्मं काम फुकटात गेलं.

दुसरा मार्ग श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाला एका श्रेयांकासाठी साधारण ३० तास धरतात. बारा मुलं, प्रत्येकी दोन मसुदे, हे झाले २४ तास; प्रशिक्षणाचे ८; साप्ताहिक बैठकांचे दहा-बारा. एक श्रेयांक सहज भरतो. तो कोणत्या गटात बसवायचा, हे अभ्यासमंडळाकडून लेखी घ्या.

जागेला खर्च नाही. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या बास. मात्र भेटी दुपारच्या मोकळ्या तासिकेत ठेवा. चारनंतरच्या भेटींना बाहेरगावच्या मुली येऊ शकत नाहीत, त्यांची एसटी निघून जाते. वसतिगृहाच्या खोलीत आणि रात्री फोनवर भेटी नकोत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या.

माझा लेखनमित्र आमच्याच गल्लीतला आहे. माझ्या घरच्या परिस्थितीवर मी निबंधात लिहिलंय. तो बाहेर बोलला तर?
(एक विद्यार्थिनी, गोंदिया)

लेखनमित्र बदलून मागण्याचा हक्क तुला आहे आणि कारण सांगायची गरज नाही. मसुदा देण्याआधीच शिक्षकांना सांग. शिक्षकांनीही वाटप करताना एक वाक्य वर्गात बोलून टाकावं: 'ज्यांना बदल हवा त्यांनी शुक्रवारपर्यंत चिठ्ठी द्यावी.' मसुदे लेखनमित्राने घरी पसरून ठेवायचे नाहीत, त्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि काम झालं की परत द्यायचे.

नोंदवहीत नेमकं काय लिहायचं? नॅकला (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेला) दाखवायला लागेल म्हणतात.
(महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे समन्वयक, रत्नागिरी)

पाच रकाने पुरतात: तारीख, वर्ग, मसुदा पहिला की दुसरा, कशावर बोललो (दोन-तीन शब्दांत, उदाहरणार्थ 'निष्कर्षाला आधार' किंवा 'परिच्छेदांचा क्रम'), आणि विद्यार्थ्याने पुढे काय करायचं ठरवलं. विद्यार्थ्याचं नाव वेगळ्या यादीत, क्रमांकाने जोडलेलं; ती यादी शिक्षकांकडे. 'कच्चा', 'हुशार', 'लक्ष देत नाही' असले शेरे वहीत नकोत. सत्र संपल्यावर चौथा रकाना मोजून बघा. १२० पैकी ७० भेटींत 'प्रश्न नीट कळला नाही' असं दिसलं, तर पुढच्या वर्षी असाइनमेंटचा कागद शिक्षकांनी नव्याने लिहायला घ्यावा.